गव्हर्नरबाई विचारून येतात

क्वेबेक हे नाव मी फळ्यावर लिहिलं तेव्हा वर्गात अकरा जण होते आणि त्यांतल्या दहा जणांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न होता, हे खायचं असतं की प्यायचं? अकरावी मुलगी मागच्या बाकावर, खिडकीशी बसली होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं. गेली तीन वर्षं ती तशीच बसत आली होती.

मी मात्र आनंदाने नाचायचीच काय ती बाकी होते. गडचिरोलीहून एसटीने निघालं की जंगलातल्या ज्या तालुक्याच्या गावी माणूस लाल धुळीने माखून उतरतो, तिथल्या एका लहानशा कॉलेजात मी इतिहास शिकवते. नव्या अभ्यासक्रमात उत्तर अमेरिकेच्या इतिहासाचा ऐच्छिक पेपर आला, तेव्हा तो घ्यायला कोणी तयार नव्हतं. प्राचार्यांनी तो माझ्या गळ्यात घातला आणि मी तो हारासारखा मिरवला. सुट्टीभर मी त्या विषयावर तुटून पडले होते. भाजीला फोडणी देतानाही मी नवऱ्याला कॅनडाचा इतिहास ऐकवत असे आणि तो बिचारा ‘हो का, हो का’ म्हणत डबा भरत असे.

एवढ्या उत्साहाला कारण होतं. मी मूळची चांद्याची. चंद्रपूरला आमचं घर परकोटापासून हाकेच्या अंतरावर. गोंड राजे हरले, नागपूरकर आले, मग इंग्रज आले, एवढं शाळेत चार ओळींत उरकलं होतं. कोणी जिंकलं ते पाठ झालं. पण हरलेल्यांच्या घरी दुसऱ्या दिवशी काय झालं? शेताच्या बांधाचा तंटा त्यांनी कोणाकडे नेला? लग्न कोणत्या रीतीने लावलं? असं विचारलं की गुरुजी म्हणायचे, "ते परीक्षेत येत नाही, खाली बस." मी खाली बसले, पण तो प्रश्न काही बसला नाही.

आणि आता पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला तोच प्रश्न माझ्यापुढे हात जोडून उभा होता! शिवाय तो परीक्षेतही येणार होता!

मी वर्गाला सांगितलं तेच इथे सांगते. एका मोठ्या नदीच्या काठाने फ्रेंच बोलणाऱ्या शेतकऱ्यांची गावं. त्यांच्या राजाचा पराभव झाला आणि इंग्रज मालक झाले. इंग्रज व्यापारी मूठभर, फ्रेंच गावंच्या गावं. भाषा वेगळी, पंथ वेगळा, जमिनीचा कायदा वेगळा. या लोकांचं करायचं काय? या आधी पूर्वेच्या किनाऱ्यावर, अकेडियात, इंग्रजांनी एक उपाय करून पाहिला होता. तिथल्या फ्रेंच शेतकऱ्यांना त्यांनी सांगितलं, आमच्या राजाची बिनशर्त शपथ घ्या. शेतकरी म्हणाले, राजाला मानतो, पण आमच्याच माणसांवर बंदूक धरायला लावू नका. झालं! माणसं जहाजांत कोंबली, दूरदूर नेऊन सोडली, मागे घरं जाळली. क्वेबेकमध्ये मात्र, सुरुवातीची दांडगाई करून झाल्यावर, त्याच इंग्रजांनी उलट पाऊल टाकलं. तुमचा पंथ पाळा, जमिनीचा आणि वारशाचा जुना कायदा चालू द्या, सरकारी पद हवं तर पंथ नाकारायची शपथ नको, आम्ही शपथच बदलतो. का बरं? मन मोठं झालं म्हणून? की शेजारच्या तेरा इंग्रज वसाहती गुरगुरायला लागल्या होत्या, आणि निदान हे लोक तरी शांत राहावेत म्हणून?

"आता सांगा!" म्हणत मी टेबलावर हात आपटला आणि तीन मोजायच्या आत मीच उत्तर देऊन टाकलं. मला गप्प राहून वाट बघता येत नाही. ही माझी जुनी खोड आहे. तिचा या हकिकतीशी संबंध आहे, म्हणून आधीच कबूल करून ठेवते.

मागच्या बाकावरची ती मुलगी खूप आतल्या माडिया गावातली. एसटी जिथे थांबते तिथून पुढे नाला ओलांडून चालत जावं लागतं. घरी माडिया, आश्रमशाळेत मराठी. लेखी पेपर ती असा लिहायची की मी तो शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना वाचून दाखवायचे. पण तोंडी परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. बाहेरगावचे परीक्षक प्रश्न विचारायचे, ही गप्प. दुसरा प्रश्न, गप्प. तिसरा प्रश्न, आणि मग "बरं, या तुम्ही". पुढे शून्य. आता हे शेवटचं सत्र होतं. मागची राहिलेली आणि आताची, सगळी तोंडी परीक्षा एकदमच द्यायची होती. या खेपेला शून्य आलं तर तिची बी.ए. अडकणार होती.

आणि मी तर तिचं सगळं ठरवून ठेवलं होतं. बी.ए. झाली की बी.एड., आणि बी.एड. झालं की ज्या आश्रमशाळेत ती शिकली तिथेच इतिहासाची बाई. पोरांना त्यांच्या बोलीत समजावून सांगणारी एक तरी बाई त्या शाळेला मिळणार! हे चित्र मला इतकं आवडायचं की मी ते येताजाता डोळ्यांपुढे आणायचे.

वर्गात मी सभा भरवायचं ठरवलं. चिठ्ठ्या टाकल्या. कोणी इंग्रज व्यापारी, कोणी फ्रेंच धर्मगुरू, कोणी जमीनदार, कोणी साधे शेतकरी. एकाने व्हायचं गव्हर्नर. सगळ्यांनी आपली बाजू मांडायची आणि तास संपायच्या आत गव्हर्नरने निर्णय द्यायचा, कायदा इंग्रजांचा की फ्रेंचांचा. गव्हर्नरची चिठ्ठी नेमकी तिला निघाली. चिठ्ठी बदलावी असं मनात आलं, पण चिठ्ठी ती चिठ्ठी. राजदंड म्हणून मी तिच्या हाती डस्टर दिलं.

काय रंगली ती सभा! गडचांदूरकडचा एक बोलघेवडा विद्यार्थी इंग्रज व्यापारी झाला होता. त्याचे वडील तिकडे चुनखडीच्या खाणीत कामाला, आणि बाजार कसा चालतो ते आपल्यालाच कळतं असा त्याचा थाट. "आमी जिंकलो ना? मंग कायदा आमचाच पायजे! नाई त जिंकून फायदा का?" धर्मगुरू झालेली मुलगी ओढणी डोक्यावरून घेऊन बसली होती. ती म्हणाली, "आमचा हिस्सा बंद नाई झाला पायजे. लोकाईच्या पिकातून आमाले धान्य येते, थे चालू ठेवा, मंग आमी तुमच्या राजासाठी प्रार्थना करतो." जमीनदार हसून म्हणाला, "माया पन हिस्सा." मी टाळ्या वाजवून वाजवून हात लाल करून घेतले.

मग मी गव्हर्नरकडे वळले. "हं, निर्णय?"

ती गप्प. मी घड्याळाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, परत घड्याळाकडे. माझ्या ओठांवर उत्तर आलंच होतं, एवढ्यात ती उठली. डस्टर तिने टेबलावर नीट ठेवलं.

"यायनं तर आपलं आपलं सांगतलं," ती म्हणाली. "बाकीच्या लोकाईले कोनी विचारलं का?"

"कोणते बाकीचे?"

"जे इथी आले नाई ते. मी विचारून येते."

आणि गव्हर्नरबाई वर्गाबाहेर गेल्या!

आमच्याकडच्या आतल्या गावांची रीत ज्याला ठाऊक नाही त्याला हा वेडेपणा वाटेल. तिच्या गावात सभा बसली की हात वर करून मोजत नाहीत. सगळे गोल बसतात, बायकाही. विषय सांगतात. मग एकेक जण बोलतो. जो आला नाही त्याच्या घरी कोणीतरी जाऊन विचारून येतं. सगळ्यांचं झालं तर झालं, नाही तर सभा परत बसते. तिच्या लेखी मी भरवलेली सभा अर्धवट होती आणि गव्हर्नरने ती पूर्ण करायला हवी होती. ती मनापासून तेच करायला निघाली होती.

अख्खा वर्ग तिच्या मागे, आणि वर्गाच्या मागे मी.

पहिला मुक्काम कॅन्टीन. चहा करणाऱ्या बाईंना तिने सरळ विचारलं, "बाई, तुमच्यावर नवा राजा आला. तुमाले शेताचा न्याय जुन्या रीतीनं पायजे का नव्या?"

बाईंनी गाळणी खाली ठेवली. त्यांनी राजा कोण, कुठला, असलं काही विचारलं नाही. "पोरीले वाटा कोनत्या रीतीत भेटते?"

मी तर उडालेच! ही बाई थेट दोन कायद्यांच्या मुळाशी गेली होती. फ्रेंचांच्या जुन्या रिवाजात साध्या शेतकऱ्याच्या घरी मुलींनाही जमिनीत वाटा असे आणि इंग्रजांकडे सगळी जमीन थोरल्या मुलाला जात असे. मी हे ओरडून सांगितलं. बाई म्हणाल्या, "मंग जुनीच. यात इचारासारखं का आहे?" आणि त्यांनी चहा गाळायला घेतला.

पुढे शिपाईभाऊ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जुनी रीत चांगली. पन थे पुजाऱ्याचं आन मालकाचं धान्य? थेही जुन्या रीतीतच येते का?" धर्मगुरू झालेली मुलगी खाली बघायला लागली. "येते," तिने कबूल केलं. "मंग थे सोडून बाकी जुनी," शिपाईभाऊ म्हणाले. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, कारण क्वेबेकच्या शेतकऱ्यांची कुरकुर नेमकी हीच होती. जुना कायदा परत मिळाला तो लंडनहून ठरून, आणि त्याबरोबर धर्मगुरूचं आणि जमीनदाराचं देणंही परत कायद्याने मानेवर बसलं. शेतकऱ्याला विचारायला कोणीच आलं नव्हतं.

एक तास संपला, दुसरा संपला. ग्रंथालय झालं, ऑफिस झालं, सायकल स्टँड झाला. मराठी विभागाची अख्खी तुकडी मागे लागली. शेवटी प्राचार्य बाहेर आले.

"मॅडम, ही इतिहासाची तासिका आहे का जत्रा?"

मी काही बोलायच्या आत तिने त्यांच्यापुढेही प्रश्न ठेवला. तीन वर्षांत प्राचार्यांनी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला असावा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "मला विचार करायला लागेल," ते म्हणाले आणि आत गेले. सभेचा निर्णय काही त्या दिवशी झाला नाही. मी मात्र घरी जाताना एसटीत एकटीच हसत होते आणि शेजारची बाई माझ्यापासून जरा सरकून बसली होती.

आता ही मुलगी बोलते हे मला कळलं होतं. तरी तोंडी परीक्षा जवळ आली तशी माझी धडधड वाढली. कॅन्टीनमधल्या बाई वेगळ्या आणि टाय लावलेला परीक्षक वेगळा. तिचं वर्ष गेलं तर? ती परत गावाकडे गेली आणि आलीच नाही तर? मी हातावर हात धरून बसणाऱ्यांतली नाही. मी प्राचार्यांच्या मागे लागले, परीक्षेचं काम बघणाऱ्यांना फोनवर फोन केले, दोन अर्ज लिहिले, एक फाडला, तिसरा लिहिला. आणि जमवलंच! खास बाब म्हणून तिची तोंडी परीक्षा रद्द, त्याऐवजी तिला तेवढ्याच गुणांचा लेखी पेपर. लेखी म्हणजे ती पहिल्या वर्गातच येणार! कागद हातात घेऊन मी व्हरांड्यातून अक्षरशः धावत गेले.

"झालं तुझं काम!" मी म्हणाले. "तुला तोंडी द्यायचीच नाही!"

तिने कागद वाचला. एकदा वाचला, परत वाचला, घडी करून मला दिला. "मी गावाले जाऊन येते," ती म्हणाली आणि गेली.

चार दिवस पत्ता नाही. मला आधी काळजी वाटली, मग राग आला. राग कसला, चांगला संताप! या मुलीसाठी मी माणसांचे उंबरे झिजवले, आणि तिच्या तोंडातून साधं ‘बरं झालं’ निघू नये? मी नवऱ्याजवळ खूप बडबडले. तो म्हणाला, "हो का."

पाचव्या दिवशी ती आली. पायांवर नाल्याचा वाळलेला चिखल तसाच होता. शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली, "मॅडम, मले तोंडीच द्याची आहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "अगं, शून्य आलं तर? पदवी जाईल तुझी!"

"मायले विचारलं, गावातल्या बायाईले विचारलं. सगळ्या म्हनते, तू बोल."

"पण मागच्या दोन वेळेस तू बोललीच नाहीस!"

यावर ती गप्प राहिली. मी तोंड उघडलं, आणि देवाला ठाऊक कसं, पण मिटलं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मी बोलणारच होती. मी बोलाच्या आधी दुसरा प्रश्न येते. दुसऱ्याचा विचार करून राह्यली का तिसरा येते. आमच्या इथी कोनी मोठ्या मानसानं काही विचारलं तर लगेच तोंड उघडत नाई. लगेच बोललं तर म्हनते, याने ऐकलंच नाई. मी त्या सरांचा मान ठेवून राह्यली होती."

मी खुर्चीतच बसून राहिले. दोन वर्षं परीक्षकांना वाटत होतं हिला काही येत नाही, आणि ही त्यांना मान देत होती! आणि मी? मी तर तिची शिक्षिका. प्रश्न विचारून तीन मोजायच्या आत उत्तर देणारी! तीन वर्षं माझ्या वर्गात तिची पाळीच आली नव्हती. मला त्या क्षणी स्वतःची खरोखर लाज वाटली.

"मग मी काय करू?" मी विचारलं. बहुतेक पहिल्यांदाच.

"सरांले सांगा, थांबा म्हनून. बाकी मी पाहते."

खास बाबीचा तो कागद मी परत केला. प्राचार्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि फाइलीत लावला.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक नागपूरहून आले. पांढऱ्या मिशांचे, सरळ स्वभावाचे गृहस्थ, पण परतीची गाडी गाठायची घाई होती. मी त्यांना चहा देता देता म्हणाले, "सर, एका मुलीला प्रश्न विचारलात की जरा थांबा."

"किती थांबू?"

"ती बोलेपर्यंत."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच परीक्षा द्यायला आले आहे. पण मान डोलावली.

ती आली, बसली. अंतर्गत परीक्षक म्हणून मी शेजारी. सरांनी विचारलं, "क्वेबेकच्या कायद्याने इंग्रजांनी जिंकलेल्या फ्रेंचांना त्यांचा पंथ, त्यांचा कायदा परत दिला. याला तू उदारपणा म्हणशील का?"

ती गप्प.

भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा चढायला लागला. बाहेर रस्त्यावरून खनिजाचा एक ट्रक गेला, खिडकीची तावदानं थरथरली, परत स्थिर झाली. काटा उतरायला लागला. सरांनी पेन उचललं. तिचं उत्तर मला माहीत होतं, प्रश्न थोडा सोपा करून विचारावा असं जिभेवर आलं होतं, आणि मी टेबलाखाली माझ्याच मनगटाला कचकचून चिमटा काढला. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी विनवलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. काटा पुन्हा चढायला लागला.

"सर," ती म्हणाली, "अकेडियावाल्यांले हाकललं, यायले नाई हाकललं. म्हनून उदार वाटते. पन दोनी वेळेस ठरवलं कोनं? लंडननं. शेतकऱ्याले पहिल्या वेळेस विचारलं नाई, दुसऱ्याही वेळेस नाई. धर्मगुरूले विचारलं, जमीनदाराले विचारलं, त्यायचं त्यायले भेटलं. शेतकऱ्याले त्याची रीत भेटली, आन वरून दोघायचा हिस्साही देणं आलं. कायदा बरा होता सर. पन त्यायचा नव्हता, त्यायच्यासाठी होता."

सर पुढे सरकून बसले. गाडीची घाई कुठल्या कुठे पळाली. मग काय, प्रश्नावर प्रश्न! शपथ का बदलली, निवडून दिलेली सभा का दिली नाही, तेरा वसाहती का चिडल्या. प्रत्येक प्रश्नानंतर ती थांबायची, सर थांबायचे, मी मनगट चोळत थांबायचे, आणि मग उत्तर यायचं. शेवटी त्यांनी मिस्किलपणे विचारलं, "तू स्वतः गव्हर्नर असतीस तर?"

या वेळी ती सगळ्यात जास्त थांबली.

"लंडनले चिठ्ठी लिहिली असती," ती म्हणाली. "लोकाईले विचारून राह्यली आहो, वेळ लागन."

सर मोठ्याने हसले. गुणांचा तक्ता त्यांनी माझ्यासमोरच भरला. वीसपैकी अठरा, आणि मागचं राहिलेलंही सगळं निघालं. बी.ए. झाली! मी उठले, बसले, परत उठले. सरांना दोनदा नमस्कार केला.

बाहेर कॅन्टीनच्या बाकावर ती एकटीच बसली होती. मी गुण सांगितले, तिचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले, आतल्या बाईंना ओरडून दोन चहा सांगितले, आणि उत्साहाच्या भरात पर्समधून तो अर्ज काढला. बी.एड.च्या प्रवेशपरीक्षेचा. गेल्याच आठवड्यात मी तो मोठ्या हौसेने आणून ठेवला होता. "हे बघ! तुझं पुढचंही तयार आहे!"

तिने अर्ज घेतला आणि वाचायला लागली. नाव, गाव, जन्मतारीख, विषय. प्रत्येक रकाना भरलेला होता. माझ्या अक्षरात. फक्त सहीची जागा तेवढी मोकळी होती.

ती वाचत असताना मीही तो अर्ज उलट्या बाजूने वाचत होते, आणि माझ्या कानशिलांपर्यंत ऊन चढल्यासारखं झालं. मी तिच्या हातून तो कागद हळूच काढून घेतला. घडी घातली. पर्समध्ये ठेवला. आणि चांद्याच्या घरात बोलते त्या बोलीत, कारण त्या वेळी मला दुसरी सुचलीच नाही, विचारलं, "तुले का कराचं आहे?"

ती गप्प राहिली. मीही राहिले. चहा आला. चहावर साय धरली. आत बाईंनी भांडी विसळून पालथी घातली. मी एक अक्षर बोलले नाही आणि या वेळी चिमटाही लागला नाही.

"मले कायदा शिकाचा आहे," ती म्हणाली. "आमच्या सभेत कागद येते, मॅडम. साहेब वाचून दाखवते. तो म्हनते, यात असं असं लिहून आहे, अंगठा लावा. सगळ्यांले विचारते, हो, विचारते. पन कागदात खरंच तसंच लिहून आहे का, हे सांगनारं गावात कोनीच नाई. लहान होती तेव्हापासून मले वकील व्हायचं आहे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं होतं, आणि सगळंच काही आनंदाचं नव्हतं.

"अगं, तीन वर्षं तू माझ्या वर्गात होतीस! हे कधी बोलली काऊन नाई?"

या वेळी ती थांबली नाही. उत्तर तिच्याकडे तयारच होतं.

"तुमी आजच तर विचारलं."